रंगपेशींची भूपाळी

"काळी काळी म्हणू नका, काळं रानाचं ढेकूळ,
त्याच्या कुशीतून येतो, पांढराशुभ्र तांदूळ..."

हा आवाज वरच्या गच्चीवरून यायचा. खाली शिरोळच्या पेठेत मुकुंद चौगुलेचा दहा बाय बाराचा फोटो स्टुडिओ, आणि वर घरमालकांची गच्ची. उन्हाळ्यात आळीतल्या बायका तिथं पापड वाळत घालायच्या आणि कावळे हाकायला घरमालकांच्या लेकीला, शालनला, बसवून जायच्या. ओवी होती जात्यावरची. पण घरोघरी गिरणीचं पीठ आलेलं, जातं कुणाला ओढायचं होतं? आजीच्या तोंडची ओवी शालननं कावळे हाकायच्या कामाला लावली होती. ओळ संपली की "हाऽऽड!" आणि पुन्हा पुढची ओळ.

त्याला तेहतीस वर्षं झाली. मुकुंदाचे कान आता यंत्राच्या कुरकुरीपुरतेच राहिलेत. पण काही आवाज ऐकायला कान लागतच नाहीत.

तेव्हा मुकुंद तेवीस वर्षांचा, अंगानं काटकुळा आणि बोलायला अगदीच भित्रा. बोलायचं ते तो यंत्राशी बोलायचा. त्याच्याकडे फोटो छापायचं सहा रंगांचं शाईचं यंत्र होतं आणि कागदावर छापून त्याचं समाधान व्हायचं नाही. लग्नाच्या पाटावर छाप, खणाच्या तुकड्यावर छाप, वाळलेल्या पिंपळपानावर छाप. शाईच्या डब्या सुईनं रिकाम्या करायच्या, कोमट पाण्यानं धुवायच्या, त्यात दुसरंच काहीतरी भरायचं. पेठेत त्याला सगळे "अर्धा कंपाउंडर" म्हणायचे, कारण खिशात पेनऐवजी इंजेक्शनची सिरिंज असायची.

एक दिवस शालन जिना उतरून थेट दारात उभी राहिली. एकोणीस वर्षांची, गडद सावळी, हातात पापडांचं ताट.

"काय रं फोटूवाल्या, कशावरबी छापतोस म्हणं. ह्याच्यावर छापून दाव की!"

त्या यंत्राला सीडीवर छापायचा एक चपटा ट्रे असायचा. पापड त्यात असा बसला, जणू त्याच्याचसाठी लाटला होता. मुकुंदानं ठेवणीतल्या कोऱ्या डब्या काढल्या. एकीत बिटाचा रस, एकीत हळद, एकीत कोकमाचं आगळ, तिन्ही चारचार पदरी फडक्यातून गाळलेलं. तिचा चेहरा छापला. उडदाच्या पिठानं रस ओढून घेतला आणि ओठ पसरत पसरत पार कानापर्यंत गेले. शालन पोट धरून हसली आणि ताट घेऊन पळाली. दुसऱ्या दिवशी गच्चीवरूनच ओरडली, "भाजून खाल्लो रं माझं तोंड! जरा खारट निघालं!"

त्या भागातल्या पुष्कळ बायका बोलतात तशी तीही 'मी आलो, मी खाल्लो' असंच बोलायची. मुकुंदाला वाटायचं, जगात हे व्याकरण फक्त तिच्यासाठी झालंय.

मग पावसाळ्याच्या तोंडावर तिला स्थळ आलं. मुलगा लष्करात, पार सरहद्दीवर. सुट्टी मिळणार ती थेट हळदीच्या आदल्या दिवशी. मुलाची आई आजारी, कागलच्या पलीकडच्या गावात. मुलाचे दोन चुलते संध्याकाळच्या उजेडात मुलगी बघून गेले. आता मुलगा आणि त्याची आई काय ते फोटोवरून ठरवणार होते. शालनचे वडील, आबा, स्टुडिओत आले आणि टोपी काढून म्हणाले, "मुकुंदा, पोरीचं भलं हुईल. दोन पायऱ्या उजळ कर."

मुकुंदानं फोटो उजळ केला. लग्न झालं. गच्चीवर कावळे आले आणि पापड खाऊन गेले.

* * *

आता मिरजेला जळितांसाठी जे नवं इस्पितळ झालंय, तिथल्या तळमजल्यावर मुकुंद काम करतो. वय छप्पन्न. स्टुडिओ केव्हाच बंद पडला. लोकांनी फोटो कागदावर बघायचं सोडलं. लग्न राहून गेलं. का, असं कुणी विचारलं तर तो म्हणतो, "सुट्टी मिळाली नाही."

इस्पितळात त्याला आणलं डॉक्टर तस्नीम मुजावर यांनी. त्या कातडी छापतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण कल्पना साधी आहे. शाईचं यंत्र म्हणजे काय? शाईचा बारीकात बारीक थेंब पाहिजे तिथं, पाहिजे तेवढा टाकणारा हात. असे थेंब, की चमचाभर शाईत दोन-अडीचशे कोटी व्हावेत. मग शाईच्या जागी जिवंत पेशी भरल्या तर? भाजलेल्या माणसाच्या कानामागचा टपाल तिकिटाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी तीन आठवडे काचेच्या ताटल्यांत वाढवायच्या, मग डब्यांत भरून थेंब थेंब त्याच्याच जखमेवर छापायच्या. खाली धरून ठेवणाऱ्या पेशींचा थर, वर झाकणाऱ्या पेशींचा. पूर्वी आपण कागद यंत्रात घालायचो. इथं यंत्राचा हात माणसावरून फिरतो.

अडचण एवढीच, की पेशी म्हणजे शाई नव्हे. आमटीत डाळ बसावी तशा त्या डब्याच्या तळाशी बसतात. भोकं चोंदतात. छिद्र लहान केलं तर पेशी चिरडते, मोठं केलं तर थेंब ओघळतो. शिकलेले इंजिनिअर सहा महिने झुंजले. मुकुंदानं यंत्र चालू केलं, डोळे मिटून त्याची कुरकुर ऐकली आणि सांगितलं, "डावीकडून चौथं भोक मेलंय, आणि डबी तिरकी लावा, हलत राहील." तेव्हापासून तो तिथलाच झाला.

पण त्याचा खरा उपयोग रंगासाठी. कातडीत रंग करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. गंमत अशी, की गोऱ्या माणसाच्या अंगात आणि काळ्या माणसाच्या अंगात या रंगपेशी जवळजवळ सारख्याच असतात. फरक मोजणीत नाही, जागेपणात आहे. एकाच्या पेंगत असतात, दुसऱ्याच्या पहाटेपासून कामाला लागलेल्या. म्हणून डॉक्टरांनी आणखी एक डबी लावली. तिच्यात रंगपेशींना उठवणारा द्राव. जिथं तो जास्त पडेल तिथली कातडी गडद होणार, कमी पडेल तिथली फिकी. पहिल्या सात दिवसांत पेशी जेवढं जागं व्हायचं तेवढं होतात, आणि मग जन्मभर तशाच राहतात. रंग वर यायला मात्र सहा आठवडे जातात. या डबीला प्रयोगशाळेत सगळे भूपाळी म्हणायचे. हे नाव मुकुंदानंच दिलेलं.

आणि चूकही मुकुंदानंच केलेली. पहिल्या वर्षी सहा जणांची कातडी छापली. एक दिवस तस्नीम सहाही जणांचे फोटो ओळीनं मांडून बसल्या.

"काका, सहा पेशंट. सहाही आधीपेक्षा गोरे. हा काय चमत्कार?"

मुकुंदानं मान खाली घातली. स्टुडिओतली सवय. चेहरा समोर आला की हात आपोआप दोन पायऱ्या उजळ करायचा. गिऱ्हाइकानं सांगायची वाट कोण बघतो? इथंही भूपाळी कमी पडत गेली. तक्रार कुणीच केली नव्हती. उलट एका बाईनं पेढे आणले होते. फक्त एक गवंडी परत आला होता. म्हणाला, "डॉक्टर, कातडी झ्याक हाय. पण उन्हात उभं राहवंना, आन आई माझ्याकडं बघताना दुसऱ्याच्या पोराकडं बघितल्यागत बघती."

त्या दिवसापासून नियम झाला. खरा रंग, तोच छापायचा. वेगळा हवा असेल तर पेशंटनं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं.

* * *

माघात उसाचा हंगाम जोरात असताना एक बाई आणली गेली. गुऱ्हाळ तिचं स्वतःचं. नवरा गेल्यावर काहिलीपुढं तीच उभी राहायची. उकळत्या पाकात उसाचं ओलं चिपाड पडलं आणि पाक उसळून तोंडावर आला. कपाळापासून गळ्यापर्यंत सगळं गेलं. डोळे वाचले, कारण तिनं ते गच्च मिटले होते.

मुकुंदानं कागदावरचं नाव वाचलं. शालन. माहेर शिरोळ. कागद त्यानं परत एकदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

आठ दिवस त्यानं तिच्या खोलीकडं जायचं टाळलं. शेवटी कानामागचा तुकडा घ्यायची वेळ आली तेव्हा गेला. चेहऱ्यावर तात्पुरता पांढरा पडदा, त्यातून फक्त दोन डोळे आणि ओठांची फट. शेजारी तिची मुलगी स्वरांजली, पंचविशीची, आईसारखीच गडद सावळी.

"मी इथं यंत्रावर असतो," मुकुंद म्हणाला. "मूळचा शिरोळचा."

दोन डोळे त्याच्याकडे वळले.

"अर्धा कंपाउंडर!" फटीतून आवाज आला. भाजल्यानं घोगरा, पण तोच. "अजून मेला न्हाईस व्हय रं?"

"नाही. सुट्टी मिळाली नाही."

"आई, हसू नको, डॉक्टर रागावतील," म्हणत स्वरांजली उठली आणि पाया पडायला वाकली. "तुम्ही आईच्या माहेरचे! म्हणजे माझे मामाच की."

रीतच आहे तशी. आईच्या माहेरचा माणूस तो मामा. पोरीनं मायेनंच म्हटलं. पण मुकुंदाला वाटलं, कुणीतरी आपल्या समोरच एक दार लावून घेतलं आणि आतून गोड हसून कडी घातली.

रोज दुपारी तो जाऊ लागला. शालन बोलायची. नवरा कसा होता, तर बरा होता. वर्षातून दोन महिने बरा, उरलेले दहा महिने पत्रातला. सासू मात्र बारा महिन्यांची.

"म्हातारी मरंस्तोवर एकच इचारायची," ती म्हणाली. "'फोटूतली पोरगी कुठं ठिवून आलीस?' पाव्हणं आलं की फोटू दावायची, मग मला हाक मारायची. दोन्ही शेजारी ठिवून बघा म्हणायची. मी मनात म्हणायचो, ती फोटूतली एकदा गावली तर तिच्या झिंज्या उपटीन."

मुकुंद खिडकीबाहेर बघत राहिला.

"पर आता न्हाई उपटत," शालन पुढं म्हणाली. "आता म्हणतो, देवानं पाटी पुसलीच हाय, तर तीच लिव्ह. डॉक्टरीणबाय म्हणल्या, लिहून दिलं तर रंग मागता येतो. मला त्या फोटूतली छाप, मुकुंदा. पन्नाशी उलटली. एक डाव तरी तिच्यासारखं दिसून मरू दे."

"आई, आणि मी कुणासारखी दिसू मग?" स्वरांजली एकदम म्हणाली.

"तू तुज्या बापासारखी दिस."

"बाबा काळे नव्हते."

मग पोरीनं मुकाट्यानं फोनमध्ये साठवलेला तो जुना फोटो काढला आणि मुकुंदासमोर धरला. "मामा, हाच. आईच्या लग्नाचा."

गोरीपान मुलगी. गुलाबी गाल. नाकाच्या कडेला उजळताना राहिलेली एक पिवळट रेघ, जी जगात फक्त एकाच माणसाला दिसली असती.

* * *

नुसता रंग मागून भागत नाही. चेहऱ्याला नकाशा लागतो. कपाळ वेगळं, डोळ्यांखाली वेगळं, ओठांच्या कडेला वेगळं. एका रंगाचा चेहरा छापला तर तो बाहुलीचा होतो. म्हणून जळण्याआधीचा फोटो हवा. स्वरांजलीनं फोनमधले दोनेकशे फोटो दिले होते. पण आजकालचे फोन माणसाला विचारतच नाहीत. चेहरा दिसला की स्वतःच उजळतात, खड्डे बुजवतात. मुकुंदाची खोड आता सगळ्या जगाच्या यंत्रांना लागली होती. दोनशे फोटोंत शालन कुठंच नव्हती.

"मग लग्नाचाच घेऊ या," तस्नीम म्हणाल्या. "त्यांनी अर्ज लिहून दिलाय. माझ्या मनाला पटत नाही, काका. चुलीपुढं आणि उन्हात काम करणारी बाई. ती कातडी तिला सोसायची नाही. मी सगळं समजावलं, तर म्हणतात पदर घेईन. पण चेहरा त्यांचा आहे. माझ्या मनाचा प्रश्न नाही."

मुकुंद यंत्रापुढं बसला. पडद्यावर त्यानंच रंगवलेलं खोटं. भूपाळीची डबी कमी करायची आणि छापायचं, एवढंच काम. आयुष्यात हेच तर हजारदा केलं होतं.

दुसरा एक नकाशा होता त्याच्याकडे. त्याच दिवशीचा, त्याच क्षणाचा, उजळण्याआधीचा. सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून पुढं निघालेल्या कशाकशावर, असा तो फोटो तेहतीस वर्षं त्याच्याबरोबर फिरत होता. तो दाखवला तर कबूल करावं लागणार, की तिच्या सासूच्या हातात ते हत्यार आपण दिलं. नाही दाखवला तर उद्या हा सावळा चेहरा जगातून जाणार. मुकुंदानं ज्याच्याकडं बघत वय काढलं तो चेहरा, आपल्याच हातानं पुसायचा. पण चेहरा त्याचा कुठं होता? तिचा होता. आणि तिनं तर तो फोटोत कधी पाहिलाच नव्हता. शाळेच्या फोटोत ती शेवटच्या रांगेत, डोळे मिटलेली. त्यानंतरचे फोटो सगळे कुणी ना कुणी उजळलेले. ती दोन्हींतून निवडत नव्हती. तिला एकच दाखवलं गेलं होतं.

यंत्र बंद करून त्यानं साध्या कागदावर, साध्या शाईनं, एकही पायरी न हलवता तो फोटो छापला आणि वर गेला. स्वरांजली जेवायला गेली होती.

शालननं कागद डोळ्यांजवळ धरला.

"ही कोण रं?"

"तू."

"चल."

"पंखा वाकडा दिसतोय बघ मागं. माझ्याच स्टुडिओतला."

ती बघत राहिली. कागदावरची मुलगी गडद होती, ओल्या मातीसारखी, आणि कुणीतरी काहीतरी बोलल्यागत ओठ नुकते हसायला लागलेले. गालाच्या उंचवट्यावर खिडकीचा उजेड असा थांबला होता, जसा तो फक्त गडद रंगावरच थांबतो.

"एवढी बरी दिसत होतो व्हय मी?" ती अगदी हळू म्हणाली. मग आवाज बदलला. "आन मग आबानं धाडला त्यो?"

"तो मी केला. आबा म्हणाले, दोन पायऱ्या उजळ कर. मी चार केल्या."

"चार? का?"

मुकुंदानं चष्मा काढून पुसला. "हात बसला होता," तो म्हणाला.

शालननं कागद मांडीवर ठेवला.

"तुज्या त्या चार पायऱ्या मी तीस वरसं चढत हुतो, मुकुंदा," ती म्हणाली. "रोज. काखेत पोर घिऊन. आन वर म्हातारी उभी, म्हणायची अजून चढ. जा तू. जा हितनं."

तो गेला.

रात्रभर त्याला वाटत राहिलं, सकाळी दुसऱ्या कुणाला तरी यंत्रावर बसवायला सांगतील. सकाळी तस्नीमनी त्याच्यापुढं नवा अर्ज ठेवला. शालनचं वाकडंतिकडं अक्षर: *खरी छापा.* आणि खाली, कुणी न विचारता, आणखी दोन ओळी: *एकोणीसची नको, गाव हसंल. माझं बावन्न वरसाचं ऊन मला परत द्या.*

* * *

छपाईला पन्नास मिनिटं लागली. शालनला भूल दिलेली. यंत्राचा हात तिच्या कपाळावरून, नाकाच्या दांडीवरून, बोटभर अंतर ठेवून असा फिरत होता, जशी आई झोपलेल्या लेकराच्या तोंडावरून न लावता हात फिरवते. मुकुंद कान देऊन बसला होता. एकही भोक मेलं नाही. भूपाळीची डबी त्यानं नकाशाबरहुकूम सोडली. कपाळावर जास्त, पापण्यांखाली कमी, गालांवर उन्हाची वर्षं मिळवून. हात एकदासुद्धा आपणहून उजळाकडं गेला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तस्नीमनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पुढचे नऊ दिवस शालनला बोलायची बंदी. हसायची तर अजिबातच नाही. ओठांच्या कडेची नवी कातडी फाटायची. आयुष्यात प्रथमच ती गप्प पडून होती. 'हो' म्हणजे बोटानं खाटेच्या दांडीवर एकदा टकटक, 'नाही' म्हणजे दोनदा.

"अजून रागात आहेस?" मुकुंदानं पहिल्याच दिवशी विचारलं.

एक टकटक. बराच वेळ गेला. मग आणखी एक. मग तिचं बोट थांबेचना. दांडीवर एक ठेका धरला गेला, लांब-आखूड, लांब-आखूड, आणि मुकुंदानं तो पहिल्या चार ठोक्यांतच ओळखला. त्यानं घसा खाकरला आणि आपल्या फाटक्या आवाजात ओवी धरली, "काळी काळी म्हणू नका..." सूर इतका भलतीकडं गेला की पांढऱ्या पट्ट्यांखाली शालनचे खांदे गदगदायला लागले.

"काका!" तस्नीम दारातून ओरडल्या. "पेशंटला हसवायचं नाही म्हणून सांगितलंय ना? बाहेर व्हा!"

नऊ दिवस. रोज दुपारी तो तिच्याजवळ बसायचा. इतका जवळ, इतका वेळ, इतक्या शांततेत तो आयुष्यात कधी बसला नव्हता. पाचव्या दिवशी स्वरांजली गावाकडं गेली होती. इतकी वर्षं न बोललेलं सगळं थेट जिभेवर आलं. आत्ता बोललो तर ती ऐकेल. टोमणा मारणार नाही, 'चल' म्हणणार नाही, 'जा हितनं' म्हणणार नाही. सोपं होतं.

तिचे दोन डोळे त्याच्याकडं बघत होते.

मुकुंदाला कळलं, की सोपं आहे म्हणूनच हे बोलायचं नाही. जिला उत्तर देता येत नाही तिच्यावर आपलं मन टाकायचं, हा पुन्हा तोच धंदा झाला. एकदा तिला न विचारता तिचा चेहरा बदलला. आता तिचं तोंड बांधलेलं असताना तिचं मन बदलायला जायचं? त्यानं पाण्याचा पेला भरून ठेवला आणि म्हणाला, "उद्या येतो."

एक टकटक.

* * *

पट्ट्या निघाल्या तेव्हा चेहरा गुलाबी, नुकत्या जन्मलेल्या पोरासारखा. शालननं आरसा बघितला आणि म्हणाली, "ही तर फोटूतलीच निघाली की रं!" तिला सगळ्यांनी समजावलं, भूपाळी झालीय, पेशी उठतायत, चूळ भरतायत, जरा दम धर. आणि मग आठवड्यामागून आठवडा रंग वर येऊ लागला. आधी कपाळ. मग नाकाचा शेंडा. पूर्वी काळोख्या खोलीत द्रावणातल्या कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उगवायचा, तसा. रोज सकाळी स्वरांजली आपला हात आईच्या गालाशेजारी धरून बघायची. एक्केचाळिसाव्या दिवशी तिनं हात धरला आणि काढलाच नाही. दोघींच्या रंगातली सीमा सापडेना. पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली.

घरी जायचा दिवस उजाडला. स्वरांजली खाली गाडी बघायला गेली. शालन खाटेवर बसून पिशवीची गाठ मारत होती. खिडकीतून चैताचं ऊन तिच्या गालावर आलं होतं आणि तिथं थांबलं होतं. काही ठिकाणी कातडी अजून ताणलेली, डावी भुवई उगवलेलीच नाही. पण ती होती. बावन्न वर्षांची, चुलीपुढची, रानातली, तीच.

"चला," ती म्हणाली. "गुऱ्हाळ बघायला पायजे. गडी समदा पाक करपवून बसली असतील. तू ये कवातरी. काकवी देतो."

"येईन."

"येशील म्हणं! शिरोळात खाली-वर राहून तू कधी जिना चढला न्हाईस."

ती उठली. चार पावलांवर दार. मुकुंद तिच्या वाटेत उभा नव्हता, बाजूला भिंतीशी होता, नेहमी असायचा तसा. आता ती उत्तर देऊ शकत होती. हसू शकत होती, हाकलू शकत होती, काहीही करू शकत होती.

"शालन," तो म्हणाला, "थांब जरा."

ती थांबली.

"चार पायऱ्या हात बसला म्हणून नव्हत्या केल्या. मुद्दाम केल्या. इतका खोटा फोटो कुणी खरा मानणार नाही, सोयरीक मोडेल, असं वाटलं होतं मला. मोडली असती तर मी जिना चढून येणार होतो. तुला मागायला. तोंड उघडायची छाती नव्हती, म्हणून फोटोकडून काम करून घ्यायला गेलो, आणि भोगलंस तू. हे तुला ठाऊक नसताना तू इथून जाऊ नयेस. मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. मला तू हवी होतीस, शालन. जशी होतीस तशीच. अजून हवी आहेस."